बुडत्या दोरीचा कंपाउंडर

बाबलकाकांनी पहिल्या भेटीत मला नमस्कार केला नाही. माझ्या वळकटीची गाठ ओढून पाहिली.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी नुकताच डॉक्टर होऊन मालवणच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावातल्या दवाखान्यावर नेमणूक घेऊन आलो होतो. फोंडा घाट उतरताना पोटातलं सगळं बाहेर आलं होतं. एसटीतून उतरलो तेव्हा समोर एक काटकुळा माणूस उभा. खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा कोट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कोटाला एका बाजूने आयोडीनचा वास आणि दुसऱ्या बाजूने बांगड्याचा. त्यांनी टपावरून माझी वळकटी उतरवून घेतली, दोरीत दोन बोटं घातली आणि एक हिसका दिला. गाठ सुटली. गादी, उशी, दोन लेंगे आणि आईने दिलेला लाडवांचा डबा, सगळं रस्त्यावर.

"ही गाठ कोणी मारल्यान?"

"मी."

"आणि तुमी डाक्टर?" ते खाली बसून माझे लेंगे गोळा करू लागले. "घाटात सुटली आसती तर लाडू माकडांनी खाल्ले आसते."

हे माझे कंपाउंडर. हजेरीपटावर त्यांचं नाव भालचंद्र होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर ते स्वतःच मागे वळून कोण आलंय ते बघायचे. वय पन्नाशीच्या अलीकडे. मी सव्वीसचा. दवाखाना कागदोपत्री मी चालवत होतो.

गाठ दिसली की ओढून बघायची, हा त्यांचा स्वभाव होता. गाईचं दावं, होडीचा दोर, पोस्टातलं पार्सल, बायकांच्या डोक्यावरची लाकडाची मोळी, काही सुटत नसे. मी बांधलेलं बँडेजही ते ओढून बघत आणि पेशंट किंचाळला की माझ्याकडे बघून म्हणत, "घट्ट आसा." त्यांचं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं: "दोरी तुटना नाय, गाठ सुटता." पेशंट दगावला, भावाभावांत वाटण्या झाल्या, तालुक्याचा पूल वाहून गेला, काही झालं तरी ते हेच म्हणायचे, आणि दर वेळी ते लागू पडल्यासारखं वाटायचं.

मी आल्यावर दोन महिन्यांतच मळेकरांच्या मोठ्या मुलाचं लग्न झालं. अक्षता पडल्या, भटजींनी नवरानवरीच्या शेल्यांना गाठ मारली आणि दोघं देवाच्या पाया पडायला निघाली. वाटेत बाबलकाका उभे. हात आपोआप पुढे गेला. एक हिसका, आणि भर मांडवात गाठ सुटली!

मांडवात कुजबुज सुरू झाली. नवऱ्या मुलाची आई तर खांबाला टेकली. बाबलकाका मात्र शांत. "बरा झाला आत्ताच कळला," असं म्हणत त्यांनी दोन्ही पदर हातात घेतले आणि कसले कसले वेढे घालून नवी गाठ बांधली. मग स्वतःच ओढून दाखवली. नवरीही ओढली गेली, नवराही ओढला गेला, गाठ हलली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणं उरकली, वऱ्हाड पांगलं, आणि शेले सोडायची वेळ आली. भटजींनी प्रयत्न केला. करवलीने हेअरपिन घातली. नवऱ्याच्या मामाने दात लावले. गाठ ढिम्म. कुणीतरी कात्री काढली तशी नवऱ्याची आई आडवी आली. "लग्नाची गाठ कापतास? शिरा पडो तुमच्या तोंडार! त्या बाबलाक बोलवा!"

बाबल खंय? बाबल गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, गेलेला. शेवटी नवरानवरी तशीच, शेल्यात शेला, मुंडावळ्या लोंबत, काठचं खडकाळ खडप तुडवत खाडीवर गेली. मागे आई. "रे बाबल्या, आता ह्या दोघांका मी न्हाऊक कशी धाडू?" बाबलकाकांनी पाण्यातूनच ओरडून सांगितलं, "थांबा गो, मासो लागता हा!" अर्धा तास ती दोघं कातळावर बसून राहिली. लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच त्यांना एकमेकांशी बोलायला सवड मिळाली, असं पुढे ती मुलगी माझ्या दवाखान्यात बाळंतपणासाठी आली तेव्हा तिने मला सांगितलं.

आता या गरवण्याबद्दल सांगायला हवं. आमच्या गावात मासे पकडणारे शेकड्याने होते. बाबलकाकांसारखं पकडणारा एकही नव्हता. तरुणपणी ते मुंबईच्या एका इस्पितळात एका गोऱ्या सर्जनच्या हाताखाली होते. त्या साहेबाला सुटीत पिसांच्या गरीने मासे धरायचा नाद. देश सोडून जाताना त्याने आपली काठी बाबलकाकांना दिली: बांबूच्या फाकांची, पितळी जोड असलेली, वर तारेच्या कड्या. सोबत चाकावर गुंडाळलेली एक जाड रेशमी दोरी. ही दोरी वजनदार असल्यामुळे आपसूक खाली जायची, शिसं बांधावं लागत नसे. ते तिला "बुडती दोरी" म्हणत. या दोरीच्या टोकाला हातभर पारदर्शक तात, म्हणजे बारीक चिवट धागा, जोडायची, तातीच्या टोकाला गरी, आणि गरीला आमिष म्हणून कोंबड्याची पिसं अशी बांधायची की पाण्यात ती लहान मासळीसारखी दिसावी.

पिसं शेजारची. वाडीतल्या एकाही कोंबड्याची शेपटी शाबूत नव्हती. एकदा शेजारच्या शेवंताबाई इंजेक्शन घ्यायला आल्या आणि बाबलकाकांच्या खिशाला अडकलेली गरी बघून ओरडल्या, "ह्या पीस माझ्या कोंब्याचा!" बाबलकाका म्हणाले, "तुझ्या कोंब्यान तांबोशी धरल्यान, गो. तू अभिमान बाळग." संध्याकाळी तो लाल तांबोशी मासा अर्धा कापून शेवंताबाईंकडे पोचला, तेव्हा प्रकरण मिटलं.

ते गुडघाभर पाण्यात उभे राहून ती काठी डोक्यावरून मागेपुढे हलवायचे. दोरी हवेत लांबच लांब वळसे घ्यायची. किनाऱ्यावर होड्यांपाशी बसलेली माणसं हातातलं काम टाकून बघायची. त्यांचा म्होरक्या रघू तांडेल. बाबलकाकांचा बालमित्र, आडदांड, स्वतःची होडी, आणि तोंड असं की मासेही लाजावेत.

"कंपाउंडर माशांका वारो घालता रे!" रघू ओरडायचा. "उकडता त्यांका!"

बाबलकाका उत्तर देत नसत. मात्र रघूचा ताप मोजताना थर्मामीटर त्याच्या तोंडात जरुरीपेक्षा बराच वेळ राहायचा.

साहेबाने दिलेली तात होती तोवर सगळं ठीक चाललं. ती आतड्याची होती, खारं पाणी पिऊन पिऊन कुजली. त्याच सुमारास मुंबईला गिरणीत असलेला त्यांचा भाचा गणपतीला येताना नायलॉनची लडी घेऊन आला. तिकडे त्याला तंगूस म्हणतात. काचेसारखा, पाण्यात दिसेनासा होणारा. बाबलकाका तो दिवसभर उन्हात धरून बघत बसले. दुसऱ्या दिवशी जेट्टीवर गेले. सणाचे दिवस, मुंबईकर आलेले, माणसांची ही गर्दी. पाचव्या-सहाव्या फेकीला काठी कमानीसारखी वाकली. एवढा मासा त्या काठीला आजवर लागला नव्हता. चाक किर्र ओरडलं. रघूसुद्धा उभा राहिला.

आणि काठी सरळ झाली.

बाबलकाकांनी दोरी गुंडाळून घेतली. टोक डोळ्यांजवळ नेलं. तंगूस, गरी, शेवंताबाईंच्या कोंबड्याचं पीस, सगळं माशाबरोबर गेलं होतं. दोरीचं टोक मात्र धड होतं, नुसतं किंचित पिळवटलेलं.

"तुटूक नाय," ते इतकंच म्हणाले. "सुटली."

"ह्याची गाठ सुटली! बाबलाची गाठ!" रघूने ही बातमी मालवणच्या बाजारापर्यंत पोचवली. बाबलकाका दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवसापासून दवाखान्याची प्रयोगशाळा झाली. अडचण अशी होती की दोरी जाड आणि मऊ, तंगूस बारीक आणि बुळबुळीत. साधी गाठ मारली की तंगूस त्यातून वितळल्यासारखा निसटायचा. मोठी गाठ मारली तर ती काठीच्या कड्यांत अडकायची. बाबलकाका तुळईला दोरी बांधत, तिला तंगूस जोडत आणि तंगुसाला खोकल्याच्या औषधाची मोठी बाटली टांगत. दुपारपर्यंत बाटली खाली. गावात त्या महिन्यात खोकल्याचं औषध मिळालं नाही.

याच काळात रत्नागिरीहून सिव्हिल सर्जन तपासणीला आले. बाहेर जीप थांबली तेव्हा तुळईला दोरी, दोरीला तंगूस, तंगुसाला बाटली, आणि खाली बाकावर तापाने आलेला गोपाळ घाडी झोपलेला.  बाबलकाकांनी एका झटक्यात बाटली काढून तंगूस गोपाळच्या घोट्याला बांधला आणि पाय वर टांगला.

"माका ताप आसा," गोपाळ म्हणाला. "पायाक काय झाला?"

"गप ऱ्हव."

साहेब आत आले. बाबलकाका ताठ उभे राहिले आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "ट्रॅक्शन दिलेलं आहे, साहेब." साहेबांनी वाकून पाहिलं, घोट्याजवळची गाठ बोटाने चाचपली आणि इतक्या लांब खेड्यात ही सोय केल्याबद्दल माझी पाठ थोपटली. ते गेल्यावर गोपाळचा ताप दोन दिवसांत उतरला, पण रत्नागिरीच्या मोठ्या डॉक्टरने आपला पाय बघितला म्हणजे पायात काहीतरी असणारच, अशी त्याची खात्री झाली. तो महिनाभर लंगडत होता.

मग एके दिवशी माझी जाड सुई हरवली. छातीतलं पाणी काढायची, आतून पोकळ, दवाखान्यात एवढी एकच. मी सगळी कपाटं उपसली. बाबलकाका मागच्या पडवीत सापडले. चेहरा असा की घरात मुलगा झाला असावा.

"डाक्टर, हयसर येवा. बोलू नकात. फक्त बगा."

त्यांनी बुडत्या दोरीचं टोक घेतलं, त्याला चिकटून ती सुई धरली. दोन्हींभोवती तंगुसाचे सहा वेढे शेजारीशेजारी घातले. मग तंगुसाचं टोक सुईच्या पोकळीतून मागे पाठवलं आणि वेढे चिमटीत धरून सुई अलगद काढून घेतली. उरलं ते थुंकीने ओलं केलं आणि दोन्ही टोकं सावकाश ओढली. वेढे दोरीच्या अंगात रुतत गेले. शेवटी गाठ म्हणून जे राहिलं ते गव्हाच्या दाण्याएवढंही नव्हतं. त्यांनी ती दोरी पडवीच्या वाशावरून टाकली, तंगूस मनगटाला गुंडाळला आणि अंग सोडून दिलं. वासा करकरला. गाठ तशीच.

"ओला केल्याशिवाय ओढूचा नाय," ते लोंबकळतच म्हणाले. "सुको ओढलो तर तंगूस भाजता. आणि घाई करूची नाय. सगळे घाई करतत."

मी सुई मागून घेतली, उकळली आणि कुलपात ठेवली. दुसऱ्या कपाटातून काय गेलं होतं, ते मात्र मला तेव्हा कळलं नाही.

ते कळलं पुढच्या आषाढात. होड्या वर ओढलेल्या, खाडी फुगलेली, कणकवलीचा रस्ता दोन ठिकाणी पाण्याखाली. सकाळी अकराच्या सुमाराला चार माणसांनी रघू तांडेलला फळीवर घालून आणलं. होडीवर छप्पर घालण्यासाठी माडाची झापं तोडताना कोयता निसटला होता. मनगटापासून कोपरापर्यंत हात उघडा पडला होता. रक्त थांबवलं, शिरा बांधल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम धुतली. हाताशी होतं तेवढं रेशीम शिरा बांधण्यात संपलं, म्हणून टाक्यांसाठी मी राखीव रेशमाची बरणी उघडली. आत दोन लाकडी रिळं होती. दोन्ही बोडकी.

मी वळून बघितलं. बाबलकाकांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी घेतलंय, डाक्टर," ते हळू म्हणाले. "ती सुईची गाठ सुचूच्या आधी… दोरी-तंगुसाच्या जोडावर गुंडाळूक. म्हटला, पावसाच्या आधी नवीन येतला. नाय इला."

रघू फळीवरून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याच्या हाताची बोटं मिटत नव्हती. होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या हाताची बोटं. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. बाबलकाका ऐकून घ्यायलाही थांबले नाहीत. पावसात तसेच पळत सुटले आणि दहा मिनिटांत परत आले. हातात भाच्याने दिलेल्या तंगुसातलं उरलेलं सगळ्यात बारीक वेटोळं.

मी ते उकळायला टाकलं. दुसरा इलाज नव्हता. पहिला टाका घातला, कॉलेजात शिकलो तशी गाठ मारली. गाठ माझ्या डोळ्यांदेखत उलगडली आणि जखम पुन्हा उघडली. दुसरीही तशीच. तिसरीही टिकली नाही.

"डाक्टर," बाबलकाका म्हणाले, "तुमी शिवा. गाठ माका बांधूक दिया."

त्यांनी कोपरापर्यंत हात घासून धुतले. मी सुई घालायची, टोकं त्यांच्या हातात द्यायची. पहिल्याच गाठीला त्यांनी वेढे घातले आणि सवयीने टोक तोंडाकडे नेलं.

"थुंकी नाही!" मी ओरडलो.

ते दचकले. मी उकळलेल्या पाण्यात बुडवलेला कापूस पुढे केला. त्यांनी वेढे ओले केले आणि इतकं सावकाश ओढलं की मला वाटलं हे थांबलेच आहेत. गाठ बसली. जखमेच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकल्या, कुठे चुणी नाही.

"बाबल्या," रघू दात आवळून म्हणाला, "मासो समजान ओढू नको, रे."

एरवी बाबलकाकांनी याला काहीतरी ऐकवलं असतं. आता त्यांनी मान वर केली नाही. एकोणीस टाके. प्रत्येक गाठीला तेवढाच वेळ. शेवटची झाली तेव्हा दीड वाजला होता. ते कोट काढून मागच्या पडवीत गेले आणि मला त्यांच्या ओकाऱ्यांचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक अर्ज होता, सुवाच्य अक्षरात: "मी खाली सही करणार कंपाउंडर, सरकारी रेशीम खासगी माशांकरिता वापरले. त्यामुळे गरीब रुग्णाचा हात धोक्यात आला. सबब मला योग्य ती शिक्षा व्हावी ही नम्र विनंती." मी दोनदा वाचला. "खासगी माशां"पाशी मला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. अर्ज मी पाठवला नाही. फाडलाही नाही, आणि तसं त्यांना सांगितलं.

शिक्षा त्यांनी आपली आपण करून घेतली. काठी माळ्यावर टाकली. रोज संध्याकाळी, गरवायच्या वेळी, ते रघूच्या घरी जात, त्याचा हात मांडीवर घेऊन तेल लावत आणि एकेक बोट मिटवायला लावत. रघूची बायको सांगायची, दोघं एक अक्षर बोलत नाहीत. टाके काढायच्या दिवशी माझी कात्री त्या गाठींखाली जाईना. रघू म्हणाला, "ऱ्हवांदेत. मेल्यावर काढा." जखम भरली होती. बोटं मात्र अर्धवटच मिटत.

दसरा झाला, होड्या पाण्यात गेल्या. एका दुपारी दवाखान्याच्या दारात रघू उभा. त्याने तोच हात पुढे केला, बाबलकाकांचं मनगट धरलं आणि आवळलं. बाबलकाका कळवळले.

"मिटता?" त्यांनी विचारलं.

"मिटता," रघू म्हणाला. "आता माळ्यावरसून ती काठी काढ. तू नसलंस तर आमी दुपारचा बघूचा काय? माशांका उकडता हा."

बाबलकाकांनी चष्मा काढला आणि कोटाच्या टोकाने पुसत बसले. तो चष्मा पुसून झाला तेव्हा पेशंटांची रांग फाटकाबाहेर गेली होती.

माझी बदली झाली. पुढची वर्षं देशावर गेली. अधूनमधून त्यांचं पोस्टकार्ड यायचं, त्यात पेशंटांची खुशाली आणि भरती-ओहोटीच्या वेळा. त्या मला सातारा जिल्ह्यात काय उपयोगाच्या, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. मग एका कामासाठी सावंतवाडीला आलो असताना मी वाकडी वाट करून गावात उतरलो. तीच एसटी तासाभराने परत फिरणार होती. ती चुकली तर कणकवलीची पुढची गाडी मिळत नव्हती.

बाबलकाकांच्या घरी त्यांची बायको, काकी, अंगणात सुपारी सोलत बसल्या होत्या. "ते ना? खंय आसतले, खडपार. पेन्शन घेतल्यापासून जेवूकच तेवढे घराक येतत."

ते मांडीभर पाण्यात पाठमोरे उभे होते. केस पिकले होते, खांदे उतरले होते. काठी डोक्यावरून गेली, दोरी लांब पडली आणि दिसेनाशी झाली. मी काठावरून हाक मारली.

"कोण?" मान वळली नाही.

"मी. डॉक्टर."

"खयचो डाक्टर?"

"तुमचाच, काका."

पाठ जरा ताठ झाली. "कधी इलात? थांबा. हलू नकात. मोठो मासो फिरता हा हयसर, दोन दिवस बघतंय त्याका."

मी थांबलो. कातळावर बसून त्यांच्याशी बोललो. बदल्या, मुलं, आईचं जाणं, सगळं त्या पाठीला सांगितलं. ती "होय", "बरा", "अरेरे" म्हणत होती, आणि काठी चालू होती. मग गावातून गाडीचा लांब हॉर्न ऐकू आला.

"काका, गाडी निघाली. मी येतो."

त्यांनी डावा हात मागे केला, पंजा उघडून. त्याचा अर्थ "जावा" होता की "थांबा", ते मला समजलं नाही. हॉर्न पुन्हा वाजला. मी त्या पाठीला नमस्कार केला आणि निघालो.

गाडीत सगळ्यात मागची जागा मिळाली. गाडी बाजारातून सुटून माडांच्या वळणाला लागली आणि मी सहज मागच्या काचेतून बघितलं. धुळीतून बाबलकाका पळत येत होते. चड्डीतून पाणी गळतंय, चष्मा नाही, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला एक मोठा, लालसर, अजून तडफडणारा मासा. मी कंडक्टरला ओरडलो, त्याने घंटी ओढली, पण गाडी चढाला लागली होती आणि ड्रायव्हरने मान हलवून नाही म्हटलं. बाबलकाका रस्त्याच्या मधोमध थांबले. निरोपाला हात हलवायला हात मोकळा नव्हता. त्यांनी मासा डोक्यावर उचलला, आणि गाडी लांब जाऊ लागली तसे टाचा उंचावून तो आणखी वर धरला.